वाचकांचे प्रश्न : अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वजन आणि त्यामागची चरबी

बाळ 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मले की घरातल्या प्रत्येकाचे लक्ष वजनकाट्यावर खिळते. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत वजनाचाच विचार आहे. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील काहींना येथे उत्तरे दिली आहेत. प्रत्येक बाळाचा आजार आणि औषधोपचार वेगळा असल्याने, दूध किती द्यावे आणि कोणते द्यावे हा निर्णय बाळाला प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरांबरोबरच घ्यावा.

प्रश्न : माझी मुलगी 29 आठवड्यांची असताना जन्मली. जन्माच्या वेळी वजन 1150 ग्रॅम होते, पाचव्या दिवशी ते 1030 ग्रॅम झाले. आता ती दोन आठवड्यांची असून वजन पुन्हा 1150 वर आले आहे. दूध सुरू असताना वजन घटले कसे? आणि ‘दिवसाला किलोमागे 15 ते 20 ग्रॅम’ असे डॉक्टर सांगतात, त्याचा नेमका हिशेब काय?

उत्तर : पहिल्या काही दिवसांत घटते ते मुख्यतः पाणी. 29 आठवड्यांच्या बाळाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण वजनाच्या 80 टक्क्यांहून अधिक असते. त्यातील पेशींबाहेरचे जादा पाणी जन्मानंतर लघवीवाटे आणि पातळ त्वचेतून बाहेर पडते. पूर्ण दिवसांच्या बाळाचेही वजन असे उतरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ही घट 10 टक्क्यांच्या आसपास किंवा तिच्यापेक्षा थोडी जास्त असू शकते. आपल्या मुलीची घट साधारण तेवढीच आहे आणि दोन आठवड्यांत ती जन्माच्या वजनावर परत आली, हे अपेक्षित वेळापत्रकाला धरून आहे.

मात्र या पाण्याच्या घटीआड दुसरी एक घट लपू शकते, आणि डॉक्टर तिला अधिक भितात. इतक्या लहान बाळाला प्रथिने मिळालीच नाहीत, तर ते स्वतःच्या स्नायूंतील प्रथिने मोडू लागते आणि रोज शरीरातील प्रथिनांचा सुमारे एक टक्का गमावते. त्यामुळेच जन्मानंतर पहिल्या दिवसापासूनच शिरेतून अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, देतात आणि सोबत नळीने आईचे दूध थेंबाथेंबाने सुरू करतात. एवढ्याशा दुधाने काय होणार, असे कुणी म्हटले तर मनावर घेऊ नका. ते थेंब आतड्याला कामाची सवय लावण्यासाठी असतात.

आता हिशेब. 1150 ग्रॅम वजनाला किलोमागे 15 ते 20 ग्रॅम म्हणजे दिवसाला साधारण 17 ते 23 ग्रॅम वाढ. हा आकडा गर्भातील त्याच वयाच्या वाढीवरून घेतलेला आहे. बाळ दोन किलोच्या आसपास पोहोचले की किलोमागचा वेग आपोआप मंदावतो; मग दिवसाला 20 ते 30 ग्रॅम असा सरळ हिशेब धरतात. एका दिवसाच्या आकड्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नका. एक शी, एक लघवी, वजनाच्या वेळी अंगावर राहिलेली एखादी तार किंवा पट्टी, एवढ्यानेही 20 ग्रॅम इकडचे तिकडे होतात. पाच ते सात दिवसांची सरासरी पाहावी. सूज आल्यामुळे वाढलेले वजन ही वाढ नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : आमचा मुलगा 30 आठवड्यांचा असताना जन्मला आणि बाळंतपणाच्या मूळ तारखेच्या सुमारास 2.6 किलोचा होऊन घरी आला. गाल भरलेले आहेत, पाहणारा प्रत्येक जण ‘छान बाळसे धरले आहे’ म्हणतो. डॉक्टर मात्र लांबी मागे आहे म्हणून समाधानी नाहीत. अशा बाळांत चरबी जास्त असते असे मी वाचले. बाळ लहान असूनही चरबी जास्त, हे कसे शक्य आहे?

उत्तर : शक्य आहे, आणि या विषयाचा गाभा तोच आहे. वजन म्हणजे पाणी, स्नायू, अवयव, हाडे आणि चरबी यांची बेरीज. काटा ही बेरीज दाखवतो, तिची फोड दाखवत नाही. वैद्यक यातील चरबी एका बाजूला ठेवते आणि उरलेल्या सगळ्याला ‘चरबीविरहित वजन’ म्हणते.

गर्भात चरबी फार उशिरा साठते. 28 आठवड्यांच्या सुमारास ती वजनाच्या जेमतेम दोन-तीन टक्के असते, म्हणजे एक किलोच्या बाळात 20-30 ग्रॅम. पूर्ण दिवस भरेपर्यंत ती साधारण 10 ते 15 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे आपल्या मुलाने चरबी साठवण्याचा सगळा मुख्य काळ गर्भाबाहेर काढला. मूळ तारखेच्या सुमारास अशा बाळांची पूर्ण दिवसांच्या नवजात बाळांशी तुलना करणाऱ्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण 2012 साली प्रसिद्ध झाले. त्यातला निष्कर्ष वरकरणी चमत्कारिक वाटतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत चरबीचे प्रमाण सुमारे तीन टक्क्यांनी जास्त होते, पण ग्रॅममध्ये मोजली तर चरबी किंचित कमीच होती. खरी मोठी तूट चरबीविरहित वजनात होती, आणि ती सरासरी जवळपास 460 ग्रॅम भरली. म्हणजे बाळ लठ्ठ झालेले नसते. त्याचे स्नायू, अवयव आणि हाडे पुरेशी वाढलेली नसतात, म्हणून असलेली चरबी प्रमाणात जास्त दिसते. भरलेले गाल आणि मागे राहिलेली लांबी एकाच बाळात सापडतात त्या यामुळेच.

असे होण्याची कारणे अनेक आहेत. गर्भात वारेमार्फत येणारे पोषण मुख्यतः ग्लुकोज आणि अमिनो आम्लांचे असते, स्निग्ध पदार्थ त्यामानाने कमी. बाहेर आल्यावर दुधातील निम्म्याच्या आसपास ऊर्जा स्निग्धांशातून मिळते. त्यातच पहिल्या आठवड्यांत आजारपणामुळे दूध वारंवार थांबवावे लागते, जंतुसंसर्गात स्नायू मोडतात, फुप्फुसांसाठी स्टेरॉइड द्यावे लागले तर तेही स्नायूंच्या वाढीला मारक ठरते. पुढे प्रकृती सुधारली की तूट भरून काढण्याच्या घाईत ऊर्जा वाढवली जाते, पण प्रथिने त्या प्रमाणात वाढतात असे नाही. चूल पेटायला सरपण मुबलक आणि भांड्यात शिजवायला धान्य अपुरे, अशी ती स्थिती असते. उरलेले सरपण रचून ठेवावे लागते, आणि शरीरात ते चरबीच्या रूपाने साठते. चरबी कुठे साठते हेही महत्त्वाचे आहे. एमआरआयने केलेल्या काही पाहण्यांत मूळ तारखेला पोहोचलेल्या अशा बाळांत त्वचेखालची चरबी फारशी जास्त नसताना पोटाच्या आतील, अवयवांभोवतीची चरबी जास्त आढळली आहे.

येथे एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते, कारण या आकडेवारीने पालक उगाच धास्तावतात. आपल्या मुलाची ज्याच्याशी तुलना होते ते पूर्ण दिवसांचे बाळ कालपरवा जन्मलेले असते, आपला मुलगा मात्र दहा आठवडे हवेत श्वास घेऊन, दूध पचवून, स्वतःची ऊब राखून तिथवर आलेला असतो. पूर्ण दिवसांची निरोगी बाळेही जन्मानंतर चरबी झपाट्याने साठवतात. तीन-चार महिन्यांची होईपर्यंत ती वजनाच्या पाव हिश्श्यापर्यंत जाते. बाहेरच्या जगात ऊब आणि राखीव ऊर्जा म्हणून तिचा उपयोगच असतो. पुढच्या काही महिन्यांत टक्केवारीतला हा फरक बऱ्याच बाळांत पुसला जातो. स्नायूंची आणि लांबीची तूट मात्र तितक्या सहज भरत नाही. म्हणून आपल्या डॉक्टरांनी गालांकडे दुर्लक्ष करून लांबीवर बोट ठेवले, ते मला योग्य वाटते.

प्रश्न : मी आजी आहे. माझ्या नातीबद्दल दोन डॉक्टरांची दोन मते ऐकली. एक म्हणतात, वजन भराभर वाढू द्या, मेंदूसाठी ते चांगले. दुसरे म्हणतात, फार वेगाने वाढलेल्या मुलांना पुढे मधुमेह आणि रक्तदाब होतो. आम्ही कुणाचे ऐकावे?

उत्तर : आजी, दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे, पण दोघे बहुधा वेगवेगळ्या काळाबद्दल बोलत आहेत.

पहिल्या मताचा आधार असा. इंग्लंडमध्ये 1980च्या दशकात ॲलन लुकास आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दोन गटांत विभागून, एका गटाला प्रथिने व ऊर्जा अधिक असलेले खास दूध आणि दुसऱ्याला साधे बाळदूध दिले. हे अंतर अवघ्या काही आठवड्यांपुरते होते, तरी दीड वर्षाच्या वयात पहिल्या गटातील मुलांचा विकास सरस आढळला. पुढे 2006 साली अमेरिकेत रिचर्ड एहरेनक्रान्झ आणि सहकाऱ्यांनी 501 ते 1000 ग्रॅम वजनाच्या सुमारे 500 बाळांची पाहणी प्रसिद्ध केली. रुग्णालयात असताना ज्यांचे वजन सर्वांत मंद, म्हणजे दिवसाला किलोमागे सरासरी 12 ग्रॅमने वाढले, त्यांच्यात सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याच्या विकाराचे, प्रमाण 21 टक्के होते. ज्यांचे सर्वांत वेगाने, सरासरी 21 ग्रॅमने वाढले, त्यांच्यात ते 6 टक्के होते. या आकड्यांवर मीही एक टीप जोडेन. जे बाळ मुळातच जास्त आजारी असते त्याचे वजनही कमी वाढते आणि मेंदूलाही धोका जास्त असतो. हा गुंता संशोधकांनी सोडवायचा प्रयत्न केला असला तरी अशा पाहणीत तो पूर्ण सुटत नाही.

दुसऱ्या मताचा आधारही लुकास यांच्याच प्रयोगातून मिळाला, ही यातली गंमत. तीच मुले किशोरवयात आल्यावर अतुल सिंघल आणि लुकास यांनी त्यांची पुन्हा तपासणी केली. सुरुवातीला पौष्टिक दूध मिळालेल्या गटात शरीराकडून इन्सुलिनला होणाऱ्या विरोधाची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणाऱ्या स्थितीची, खूण अधिक दिसली. त्यांच्या मते त्याचा संबंध पहिल्या दोन आठवड्यांतील वेगवान वाढीशी होता. जन्मानंतरची फार वेगवान वाढ पुढे हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना महाग पडू शकते, ही मांडणी तिथून पुढे आली.

यातून वाट काढायला काळाचा भेद उपयोगी पडतो. मूळ तारखेपर्यंतची वाढ मेंदूच्या विकासाशी जोडलेली आहे, असे पुढील अभ्यासांतही दिसले. त्यानंतरच्या महिन्यांत, नुसते लांबीच्या मानाने वजन वाढण्याचा बुद्धीला होणारा फायदा फार थोडा दिसतो आणि जाडीकडे झुकण्याची शक्यता मात्र वाढते. ज्या अभ्यासांत चरबी आणि चरबीविरहित वजन वेगळे मोजले, त्यांत आकलनाशी नाते जुळले ते चरबीविरहित वजनाचे. चरबी वाढल्याने बुद्धीला तसा लाभ दिसला नाही.

माझे मत विचाराल तर, जोखमीचे दोन पलडे सारखे नाहीत. चाळीस वर्षांनी कदाचित होणाऱ्या मधुमेहाच्या भीतीने, ज्या आठवड्यांत मेंदूची बांधणी सर्वांत वेगात चालू असते तेव्हा बाळाला उपाशी ठेवणे मला पटत नाही. म्हणून नात अजून मूळ तारखेच्या आत असेल तर पहिल्या डॉक्टरांचे ऐका. घरी येऊन काही महिने झाले असतील, लांबी आणि डोक्याचा घेर ठीक चालला असेल आणि तरीही केवळ वजनासाठी पोट भरलेल्या बाळाच्या तोंडात आग्रहाने दूध घातले जात असेल, तर दुसऱ्यांचे ऐका. बाळाने तोंड फिरवले की थांबावे.

प्रश्न : मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे चरबी मोजण्याचे यंत्र नाही. मग वाढ चांगल्या प्रतीची आहे की नाही, हे ओळखायचे कसे? बीएमआय काढून चालेल का?

उत्तर : हे यंत्र म्हणजे बाळासाठी बनवलेला बंद कक्ष. त्यात बाळाने किती हवा बाजूला सारली ते मोजून शरीराचे आकारमान काढतात, आणि वजन व आकारमान यांवरून घनता. चरबीची घनता पाण्यापेक्षा कमी आणि बाकीच्या शरीराची जास्त असल्याने टक्केवारी निघते. मोजणी दोन-तीन मिनिटांत होते, पण ऑक्सिजन किंवा श्वासाचा आधार चालू असलेल्या बाळाला त्या कक्षात ठेवता येत नाही. म्हणजे ज्यांच्याबद्दल सर्वांत जास्त काळजी, नेमकी तीच बाळे या मोजणीतून बाहेर राहतात. क्ष-किरणांनी केली जाणारी डेक्सा तपासणी आणि जड पाणी देऊन शरीरातील पाणी मोजण्याची पद्धतही आहे. ती बहुतेक संशोधनापुरतीच वापरली जाते. तेव्हा यंत्र नाही म्हणून खंत करू नये.

बीएमआय किंवा वजन-लांबीचे तत्सम गुणोत्तर या वयात चरबीचा भरवशाचा अंदाज देत नाही. एखाद्या बाळाची प्रमाणबद्धता पाहायला ते पूरक म्हणून ठीक. आपल्या हातातील खरे साधन म्हणजे आठवड्यातून एकदा नीट मोजलेली लांबी. ती चरबीने वाढत नाही. हाडे आणि स्नायू वाढले तरच वाढते. दुर्दैवाने सर्वांत निष्काळजीपणे मोजली जाते तीही लांबीच. अंथरुणावर टाचेपाशी आणि डोक्यापाशी खुणा करून फितीने मोजलेल्या आकड्यात एक-दोन सेंटिमीटरची चूक सहज होते, आणि आठवड्याची अपेक्षित वाढच साधारण एक सेंटिमीटर असते. स्थिर डोकेपट्टी आणि सरकती पायपट्टी असलेला लांबीचा फळा वापरावा, दोघींनी मिळून मोजावे, दोनदा मोजावे. डोक्याचा घेरही दर आठवड्याला, तोही भुवयांच्या वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून. वजनाची रेघ चढते आहे आणि लांबीची रेघ आडवी झाली आहे, असे दोन आठवडे दिसले की डॉक्टरांना आपणहून सांगा आणि प्रथिनांचा हिशेब पुन्हा करायला लावा. तसे सांगणे परिचारिकेच्या अधिकारात बसते की नाही, असा संकोच बाळगू नका.

प्रश्न : मी माझेच दूध काढून देते. त्यात डॉक्टर एक पूड मिसळतात. शेजारच्या पेटीतील डब्याच्या दुधावरचे बाळ माझ्या बाळापेक्षा वेगाने वाढते आहे. माझे दूध कमी सकस आहे का? डब्याचे दूध सुरू करावे का?

उत्तर : आपले दूध कमी सकस नाही. पण ते पूर्ण दिवसांच्या बाळाच्या गरजेशी जुळलेले आहे, आणि 1500 ग्रॅमच्या बाळाची गरज त्याहून कितीतरी जास्त असते. अशा बाळाला दिवसाला किलोमागे 3.5 ते 4 ग्रॅम, क्वचित 4.5 ग्रॅमपर्यंत प्रथिने लागतात. पहिले काही आठवडे सरल्यावर आईच्या 100 मिलिलिटर दुधात प्रथिने साधारण 1 ते 1.2 ग्रॅम असतात. किलोमागे 160 मिलिलिटर दूध पचवले तरी प्रथिने 1.6 ते 1.9 ग्रॅम मिळतात, म्हणजे गरजेच्या निम्मी. ऊर्जेची तूट त्यामानाने थोडी असते. आधीच्या एका उत्तरात सरपण आणि धान्याचे जे असंतुलन सांगितले ते असे तयार होते. ती पूड, म्हणजे फॉर्टिफायर, मुख्यतः प्रथिने, कॅल्शियम, फॉस्फरस आणि इतर क्षार भरून काढण्यासाठी असते. तिच्याकडे आपल्या दुधावरचा शेरा म्हणून पाहू नका.

शेजारच्या बाळाशी तुलना थांबवावी, यासाठी एक पुरावा देतो. फ्रान्समधील दोन मोठ्या पाहण्यांवरून 2012 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात असे दिसले, की रुग्णालयातून घरी जाताना स्तनपानावर असलेल्या बाळांचे वजन त्यापूर्वी कमी वेगाने वाढलेले होते, तरी पुढे त्यांचा बौद्धिक विकास अधिक चांगला झाला. लेखकांनी याला विरोधाभासच म्हटले. शिवाय आतड्याच्या नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस या गंभीर विकारापासून आईचे दूध बरेच संरक्षण देते. इतक्या लहान बाळाच्या बाबतीत हे एकच कारणही मला पुरेसे वाटते. दूध पुरते आहे तोवर डब्याचे दूध सुरू करण्याची घाई करू नका. वाढ खरोखर मंद वाटली तर आधी पुडीचे प्रमाण, दुधाचे एकूण मान आणि प्रथिने तपासायला सांगा. दूध काढताना शेवटी येणारे दाट दूध बाटलीतच राहून जात नाही ना, हेही पाहावे, कारण स्निग्धांश त्यातच जास्त असतो. जमेल तितका वेळ बाळाला उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून धरावे. 1978 साली बोगोटामध्ये सुरू झालेल्या या कांगारू पद्धतीने बाळाची ऊब टिकते, आईचे दूध वाढायला मदत होते आणि वजनवाढही सुधारते.

प्रश्न : मुलगा 30 आठवड्यांचा असताना जन्मला. आता सात महिन्यांचा आहे आणि वजन 6.3 किलो. तक्त्यात तो सर्वांत खालच्या रेषेच्याही खाली जातो. काय करावे?

उत्तर : आधी वय दुरुस्त करा. तो दहा आठवडे लवकर आला, म्हणून सात महिन्यांतून तेवढे वजा करून त्याचे दुरुस्त वय सुमारे साडेचार महिने धरायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलग्यांच्या तक्त्यात सात महिन्यांना खालची मर्यादा साधारण 6.7 किलो आहे. साडेचार महिन्यांना ती सहा किलोच्या आत येते. म्हणजे आपला मुलगा लहान चणीचा आहे, पण तक्त्याच्या आत आहे. मूळ तारखेपर्यंत फेन्टन किंवा इंटरग्रोथ-21 यांसारखे अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे तक्ते वापरतात, त्यानंतर दुरुस्त वयाने नेहमीचा तक्ता, आणि ही दुरुस्ती किमान दोन वर्षांपर्यंत चालू ठेवतात. वजनाबरोबर लांबी आणि डोक्याचा घेरही त्याच दुरुस्त वयाने मांडून पाहा. तिन्ही रेषा आपापल्या वाटेने समांतर चढत असतील तर दूध वाढवण्याची गरज नाही. लांबीची रेषा मागच्या दोन-तीन भेटींपासून खाली झुकत असेल तर तपासणी लांबवू नका. लसीकरण मात्र दुरुस्त वयाने पुढे ढकलायचे नसते. ते जन्मतारखेपासूनच्या वयाप्रमाणे द्यावे.